बंकटच्या दुकानातलं अंग

आप्पारावांना हॉटेलात चहा मागवता येत नसे. म्हणजे मागवत ते रोज, पण येत नसे. चौसाळ्याच्या फाट्यावर रामहरीचं हॉटेल आहे. तिथल्या बाकड्यावर बसून आप्पाराव आधी नजरेनं मागवत, मग बोट वर करून, मग "रामहरी, एक चहा" असं चक्क तोंडानं. रामहरी किटली घेऊन त्यांच्या अंगावरून शेजारच्याकडं जाई. त्यात अपमानाचा हेतू अजिबात नसे. अपमान करायचा तरी माणूस आधी दिसावा लागतो.

पाटोद्याच्या एका कचेरीत जन्मभर कारकुनी करून ते निवृत्त झाले, तेव्हा निरोपाचा हार चुकून शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाच्या गळ्यात पडला. त्या गृहस्थानं डोळे पुसत भाषणही केलं. आप्पारावांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण चांगलं झालं होतं. त्यांच्या नावातच 'राव' असल्यामुळं लोकांना वाटे की या माणसाला मान आधीच देऊन झालेला आहे, वरून आणखी देण्याचं कारण नाही.

अशा माणसानं एक साधी इच्छा धरली. गावातले बांधाचे, भिंतीचे, भाऊबंदकीचे तंटे गावातच मिटवायला तंटामुक्ती समिती असते. तिचा अध्यक्ष ग्रामसभेत निवडायचा होता, आणि आप्पारावांना ते व्हायचं होतं. अधिकाराची हाव नव्हती. आयुष्यात एकदा आपण बोलावं आणि चार माणसांनी गप्प बसून ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. घरात तेही जमलं नव्हतं. सुभद्राबाईंनी लग्नापासून आजवर त्यांचं एकही वाक्य पूर्णविरामापर्यंत जाऊ दिलेलं नव्हतं.

शेजारचा तानाजी हा गावातला कायमचा कार्यकर्ता. कुणाचा, हे दर निवडणुकीला बदलत असे. आप्पारावांनी त्याच्यापाशी मन मोकळं केलं. तानाजीनं ते अर्धंच ऐकलं, पण सल्ला पुरा दिला.

"आप्पाराव, तुमी माणूस लई चांगले हाव. पर तुमाला वलय न्हाई."

"वलय कुठं मिळतं?"

"बीडला. बंकटकडं जावा. वाढदिवसाचं बॅनर करा, मोठं. फाट्यावर लावा. माणूस हाय तेवढाच ऱ्हातो, पर लोकाची मान वर करून बघायची सवय लागती. एकदा का मान वर झाली, की मग आपसूक वाकती."

आप्पारावांचा वाढदिवस जूनमध्ये होऊन गेला होता. तानाजी म्हणाला, नेत्याचा वाढदिवस नेत्याच्या सोयीनं येतो. भिंतीपलीकडून कान देऊन ऐकणाऱ्या कुणीतरी आणखी एक सूचना केली की नावाच्या आधी 'कार्यसम्राट' लावावं. कार्य कोणतं, असं आप्पारावांनी विचारलं, तेव्हा भिंतीपलीकडच्यानं रेडिओ मोठा केला.

बंकटचं फ्लेक्सचं दुकान अरुंद होतं आणि आत रंगाचा उग्र वास होता. बंकट स्वतः वाळका, डोळ्यांखाली काळं आलेला माणूस. त्यानं आप्पारावांना बसवलं, फोटो काढला, आणि कंप्युटरवर त्यांचं डोकं मानेपासून अलगद कापलं. आपलं डोकं असं सुटं बघून आप्पारावांनी नकळत गळ्याला हात लावला.

मग पडद्यावर एक अंग आलं. पांढरा कडक सदरा, रुंद खांदे, छातीशी सोन्याची साखळी, आणि उजवा हात वर, तळवा लोकांकडं. डोकं नव्हतं.

"हे कुणाचं?" आप्पारावांनी विचारलं.

"सगळ्यांचंच. माझ्याकडं अंग एकच हाय. पाच तालुक्यातली डोकी हेच्यावर बसून गेलीत. सरपंच, सभापती, चेरमन. बरोब्बर बसतंय बघा, कुणाचंबी."

"पण मूळचं कुणाचं?"

बंकटनं माऊस थांबवला. "ते न्हाई मला माहीत. दुकान इकत घेतलं तवाच हुतं मशीनमदी. एकदा पुसायला गेलतो. न्हाई पुसत."

आता बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही शहाण्या माणसानं इथं उठून पुढची एसटी धरली असती. पण आप्पारावांना इतक्या वर्षांत कुणी असं रुंद खांद्यांचं अंग देऊ केलं नव्हतं. बंकटनं डोकं उचलून त्या मानेवर ठेवलं. शिवण दिसली नाही. उलट आप्पारावांना असा भास झाला की ते अंग जरासं सावरून बसलं, एखादा मालक आपल्या जुन्या खुर्चीत बसतो तसं. बंकटनं काळा गॉगल घालायला काढला. आप्पाराव 'नको' म्हणाले. आपले डोळे लोकांना दिसावेत, एवढा एकच हट्ट त्यांनी त्या कामात केला. तो केला नसता तर बरं झालं असतं, असं पुढं बंकटही म्हणाला.

अडचण आली शुभेच्छुकांची. बॅनरच्या खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची ओळ लागतेच. ती नसली तर वरचा माणूस नेता न वाटता हरवलेला वाटतो. आप्पारावांकडं शुभेच्छुक नव्हते. तानाजीनं फोटो द्यायला नकार दिला, म्हणाला की वारं कुठं वळतं ते बघू. बंकटनं मग जुन्या फायलीतली तोंडं ओळीनं चिकटवली.

"हे कोण लोक?"

"शुभेच्छुक हायेत. कायमचे."

बॅनर फाट्यावर, रामहरीच्या हॉटेलासमोर उभं राहिलं. ग्रामपंचायतीच्या परवानगीसाठी आप्पारावांनी केलेला अर्ज तेवढ्यापुरता गहाळ झाला, मग सापडला, मग त्यावर जागेचा नकाशा नाही असा शेरा आला, मग नकाशा जोडल्यावर अर्ज गहाळ झाला. ती हकिगत सांगायला घेतली तर दिवाळी येईल. शेवटी तात्पुरती, आठवड्याच्या मुदतीची परवानगी मिळाली.

पहिल्या सकाळी आप्पाराव इस्त्रीचा सदरा घालून बॅनरच्या बरोब्बर खाली उभे राहिले, म्हणजे लोकांना वर आणि खाली ताडून बघता यावं. लोक थांबले. वर बघितलं. काहींनी हात जोडले. एकजण आप्पारावांना म्हणाला, "काका, जरा बाजूला व्हा की, साहेबांच्या म्होरं कावून हुबे ऱ्हायलाव?"

आप्पाराव बाजूला झाले. त्यांना वाटलं, पहिला दिवस आहे.

त्याच दिवशी नाथा मेंढरं घेऊन त्या वाटेनं आला. नाथाचा कळप मोठा. मेंढरू आयुष्यभर पुढच्याच्या पायाकडं बघत चालतं, आभाळ पडलं तरी वर बघत नाही. फाट्यावर आल्यावर कळप थांबला. मग एकेक करून सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या आणि बॅनरकडं बघत उभी राहिली. एकही ओरडलं नाही. ट्रकवाले हॉर्न मारून दमले. नाथानं काठी आपटली, शीळ घातली, शिव्या दिल्या. शेवटी त्यानं पुढचं मेंढरू उचलून खांद्यावर टाकलं आणि चालायला लागला, तेव्हा बाकीची निघाली, मागं बघत बघत.

"कुणाचं हाय हे बॅनर?" त्यानं रामहरीला विचारलं.

"माझं," आप्पाराव म्हणाले. ते नाथाच्या शेजारीच उभे होते.

नाथानं रामहरीच्या उत्तराची वाट पाहिली, ते आलं नाही, तेव्हा म्हणाला, "मी आता मेंढरं पल्याडच्या अंगानं नेतो." आणि खरोखरच तो त्या वाटेनं पुन्हा आला नाही.

मग मंजुळाबाई. तिचा आणि तिच्या दिराचा बांधावरून तंटा होता. दोघं कोर्टात जाऊन म्हातारी झाली होती. बाजाराला जाताना तिनं टोपली खाली ठेवली आणि बॅनरकडं बघून सगळं बोलून टाकलं: दिरानं बांध कसा कोरला, दगड कसा सरकवला, सासू मरताना काय म्हणाली. बोलून झाल्यावर टोपली उचलून गेली. दुसऱ्या सकाळी दीर कुणी न सांगता रानात गेला आणि दगड होता तिथं मागं नेऊन ठेवला. विचारलं तर म्हणे, "मला कुणीतरी बघायलंय असं वाटायलं. रातभर झोप न्हाई."

झालं. गाव लोटलं. सकाळपासून बॅनरखाली रांग लागू लागली. कुणाची भिंत, कुणाचं पाणी, कुणाची माहेरी बसलेली सून. लोक वर बघून बोलत, थोडं थांबत, मान हलवून जात. आणि तंटे मिटत. आप्पाराव वही-पेन घेऊन शेजारी खुर्ची टाकून बसले, की निदान नोंद तरी आपण घ्यावी. लोकांनी त्या खुर्चीवर चपला ठेवल्या.

आता आप्पारावांना वाईट वाटलं हे खरं, पण आधी वाटला तो अभिमान. ते रोज समोरच्या बाजूला उभे राहून त्या चेहऱ्याकडं बघत. चेहरा त्यांचाच होता. नाकावरचा तीळही होता. फक्त त्या चेहऱ्याला कधी कुणी मधेच तोडलेलं नव्हतं. एकदा त्यांचं लक्ष खालच्या ओळीकडं गेलं. पहिल्या दिवशी ते शुभेच्छुक समोर बघत होते, हे त्यांना पक्कं आठवत होतं. आता ओळीतली सगळी तोंडं वर, मधल्या चेहऱ्याकडं वळलेली होती. त्यांनी तानाजीला दाखवलं. तानाजी म्हणाला, "मग? शुभेच्छुक कुठं बघणार?" तानाजीनं वारं ओळखलं होतं. ओळीच्या टोकाला त्याचा स्वतःचा फोटो होता. तो कुणी, कधी चिकटवला हे बंकटलाही माहीत नव्हतं.

मुदत संपल्यावर ग्रामपंचायतीचा माणूस शिडी घेऊन बॅनर उतरवायला आला. चढला, दोरीला हात घातला, वरच्या चेहऱ्यासमोर तोंड आणून थोडा वेळ तसाच थांबला, आणि उतरला.

"काय झालं?" आप्पारावांनी विचारलं.

"साहेब न्हाई म्हनले," तो म्हणाला, आणि शिडी तिथंच टाकून गेला.

घरचं सांगायचं तर सुभद्राबाई बॅनरखालून जाताना डोक्यावरून पदर घ्यायला लागल्या. एकदा आप्पाराव बरोबर होते. ते म्हणाले, "अगं, ते मीच आहे. माझ्यापुढं तू कधी पदर—"

"गप ऱ्हावा की जरा," सुभद्राबाई हळू आवाजात म्हणाल्या, "ऐकू जातंय त्यांना."

नोव्हेंबर आला, आणि पेन्शनवाल्यांनी जिवंत असल्याचा पुरावा द्यायचा महिना आला. हयातीचा दाखला हल्ली मोबाईलपुढं तोंड धरून मिळतो. फाट्यावरच योगिताचं सेवा केंद्र आहे. हुशार मुलगी, सगळ्या म्हाताऱ्यांना दरसाल जिवंत करते. तिनं आप्पारावांपुढं मोबाईल धरला. मोबाईल म्हणाला, चेहरा आढळला नाही. चष्मा काढला, टोपी काढली, भिंत बदलली. चेहरा आढळला नाही. आप्पारावांनी हसून बघितलं, न हसून बघितलं. मोबाईलनं त्यांच्या मागच्या कॅलेंडरवर चौकट धरली, कोपऱ्यातल्या मडक्यावर धरली, त्यांच्यावर धरेना.

"बाहेर उन्हात चला काका," योगिता म्हणाली.

बाहेर त्यांना रस्त्याकडं पाठ करून उभं केलं. मोबाईल क्षणभर घुटमळला आणि टुंग वाजला. चेहरा आढळला. आता डोळे मिचकावा, अशी सूचना आली. आप्पारावांनी सगळा जीव डोळ्यांत आणून मिचकावले. पुन्हा टुंग. हयात.

"बघ," आप्पाराव म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी आहे."

 योगिता मोबाईलकडं बघत होती, मग आप्पारावांच्या डोक्यावरून मागं बघायला लागली. 

"काका, चौकट तुमच्या तोंडावर नव्हतीच. मागं बॅनरवर हुती."

"मग डोळे कुणी मिचकावले?"

योगितानं केंद्राचं शटर ओढून घेतलं. फाट्यावर एक पान हलत नव्हतं.

त्या दिवशी आप्पाराव पहिल्यांदा घाबरले. सरकारदरबारी तो वरचा जिवंत ठरला होता आणि आपण कुठल्याच कागदावर उरलो नाही, हे कारकून असल्यामुळं त्यांना इतरांपेक्षा जास्त नीट कळलं. ग्रामपंचायतीचा माणूस टाकून गेला होता ती शिडी त्यांनी उचलली, बॅनरला लावली आणि चार पायऱ्या चढले. रांगेतल्या लोकांनी शिडी धरली. त्यांना वाटलं, आधार द्यायला. लोकांनी त्यांना हळूच, न रागावता, काखेत धरून खाली उतरवलं आणि शिडी पुढं सरकवून तिला हार अडकवले.

आशा एकच उरली होती, ग्रामसभा. तिथं नाव घेतलं जाईल, माणूस उभा राहील, आणि मग तरी लोकांना वरचा आणि खालचा एकच आहे हे दिसेल. आप्पारावांनी भाषण लिहिलं, पाठ केलं, आरशापुढं म्हणून पाहिलं. आरशात त्यांना स्वतःला शोधायला जरा वेळ लागला, पण सापडले.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. अशी गर्दी गावानं पाहिली नव्हती. तानाजीनं ठराव मांडला, "तंटामुक्तीचे अध्यक्ष म्हणून आपले लाडके साहेब, आप्पाराव." हात वर झाले. सगळ्यांचे उजवे, सगळ्यांचे तळवे समोर, बॅनरमधल्या हातासारखे. एकही विरोध नव्हता.

"आता अध्यक्षसाहेब दोन शब्द बोलतील," तानाजी म्हणाला.

पटांगण गप्प झालं. आप्पारावांना हीच शांतता आयुष्यभर हवी होती. ते पहिल्या रांगेतून उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "ग्रामस्थहो..."

"ए, खाली बस बे," तानाजी म्हणाला. "साहेब येऊ द्या."

इतकी वर्षं शेजारी राहून त्यानं आप्पारावांना 'आप्पाराव' म्हणायचं कधी चुकवलं नव्हतं. आप्पाराव उभेच राहिले. "तानाजी, मी आलोय. मीच आहे." मागून कुणीतरी त्यांचा सदरा ओढला. ते खाली बसले, आणि शेजाऱ्यानं सवयीनं त्यांच्या मांडीवर आपली पिशवी ठेवली. सगळं गाव पटांगणाच्या फाटकाकडं तोंड करून बसून राहिलं. आणि काय सांगावं, आप्पारावही बघत राहिले.

मग टेम्पो आला. बॅनर कुणी उतरवलं, साहेबांनी कुणाला होकार दिला, कळलं नाही. चौकटीसकट ते टेम्पोत उभं होतं. हळूहळू फाटकातून आत आलं, तेव्हा सगळी सभा उठून उभी राहिली. बॅनर मंचावर ठेवलं. बॅनर काही बोललं नाही. सभा बराच वेळ, माना वर करून, ते न बोललेलं ऐकत राहिली. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. आप्पारावांच्या खिशातलं भाषण घामानं भिजलं.

दुपारी साहेबांना घरी पोचवायचं ठरलं. आप्पाराव टेम्पोच्या आधी धावत घरी आले. दारात सुभद्राबाई नवीन लुगडं नेसून ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. निरांजन तेवत होतं. आप्पाराव त्यांच्यापुढं जाऊन धापा टाकत उभे राहिले.

"सुभद्रा, मी आलो."

सुभद्राबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. ओळखलं नाही असं म्हणता येणार नाही. "व्हय, दिसायलंय," त्या म्हणाल्या, "जरा कडंला व्हा. साहेब येतेत."

बॅनर दारातून जाईना, म्हणून अंगणात, ओसरीला टेकवून उभं केलं. एक कोपरा कलत होता, तो आप्पारावांनीच धरला, कारण दुसरं कुणी मोकळं नव्हतं. सुभद्राबाईंनी ओवाळलं. निरांजनाच्या उजेडात वरच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मग अंगणाचं दार लोकांसाठी उघडलं आणि रांग सुरू झाली. सुभद्राबाई रांग सांभाळायला उभ्या राहिल्या. त्यांच्या आवाजाला आता धार आली होती, आणि लोक ऐकत होते.

आप्पारावांना बसायला जागा नव्हती. ओसरीवर नारळ होते. त्यांना परत गल्लीत जावं लागलं, आणि गल्लीत रांग असल्यामुळं ते आपोआप रांगेत आले. रांग पुढं सरकत होती, ते सरकत होते. पुढच्या माणसाच्या पाठीकडं बघत चालायला बरं वाटत होतं, डोकं चालवावं लागत नव्हतं. चालता चालता ते त्या चेहऱ्यापुढं येऊन उभे राहिले. नाकावर तीळ होता. डोळे उघडे होते.

"बोला लवकर," सुभद्राबाई म्हणाल्या, "मागं रांग हाय."

आप्पारावांनी हात जोडले. पाठ केलेल्या भाषणातलं एकही वाक्य आठवलं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "माझं कुणी ऐकत नाही हो. लहानपणापासून. घरात नाही, कचेरीत नाही. मी आहे असं कुणाला वाटतच नाही. हॉटेलात चहासुद्धा..."

त्यांना कुणी तोडलं नाही. सुभद्राबाईसुद्धा मधे बोलल्या नाहीत. जन्मात पहिल्यांदा त्यांचं बोलणं शेवटापर्यंत गेलं. बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. कुणीतरी ऐकलं होतं. सगळं, पहिल्यापासून.

तिथून ते चालत फाट्यावर आले. बॅनरच्या जागी नुसते बांबू उभे होते, आणि जाणारे-येणारे त्या बांबूंनाही हात जोडत होते. आप्पाराव नेहमीच्या बाकड्यावर बसले. त्यांनी नजरेनं मागवलं नाही, बोट वर केलं नाही. बसतात न बसतात तोच रामहरी आला आणि त्यानं पुढ्यात चहा ठेवला, कपाखाली बशी देऊन.

"मी अजून मागवला नाही, रामहरी."

"साहेबांनी सांगितलंय," रामहरी म्हणाला. "तुमच्याकडं ध्यान ठिवा म्हनले, लई साधा मानूस हाय."

रामहरी सकाळपासून हॉटेल सोडून हललेला नव्हता, सभेलाही आला नव्हता. हे आप्पारावांना माहीत होतं, पण त्यांनी विचारलं नाही. चहा गरम होता, साखर बरोबर होती. त्यांनी तो बशीत ओतून सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. मग घराच्या दिशेला तोंड करून उठले, आणि रामहरीनं जोडले त्याच वेळी त्यांनीही हात जोडले.